श्वान, श्वास आणि शहर : मुंबई-पनवेल परिसरातील श्वानांच्या श्वसनविकारांविषयीच्या जाणिवेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मुंबई-पनवेल परिसरात श्वानांविषयी गेल्या सुमारे दोनशे वर्षांत नियम झाले, दंगल झाली, रुग्णालये उभी राहिली आणि न्यायालयीन निर्णयही झाले. या सर्व व्यवहारांत श्वान प्रामुख्याने उपद्रव, रेबीजचा वाहक किंवा दयेचा विषय म्हणून दिसतो. श्वास घेणारा आणि श्वासाच्या विकाराने पीडित होणारा प्राणी म्हणून त्याची नोंद फार उशिरा व अपुरी झाली. प्रस्तुत निबंधात ही जाणीव कशी घडली, श्वानांच्या 'दम्या'चे वैद्यकीय आकलन कसे बदलले आणि २०१७ मधील तळोजा येथील निळ्या कुत्र्यांच्या घटनेने कोणता प्रश्न पुढे आणला, याचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : श्वान, दमा, श्वासनलिकादाह, पशुवैद्यक, वायुप्रदूषण, तळोजा, ओवे.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघर आणि तळोजा यांच्या वाढत्या नागरी वस्तीने वेढलेले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा तिच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या २९ महसुली गावांत ओवे हेही एक होते. शेजारीच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तळोजा औद्योगिक वसाहत आहे. रसायने, रंगद्रव्ये, औषधे, धातू आणि मत्स्यप्रक्रिया यांचे शेकडो कारखाने तेथे आहेत.

गावाचे सेक्टर झाले, शेताचे भूखंड झाले. या स्थित्यंतराचा अभ्यास भूसंपादन, पुनर्वसन आणि साडेबारा टक्के योजना या अंगांनी बराच झाला आहे. गावातील जनावरांचे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला गेला नाही. गाई-म्हशी गोठ्याबरोबर कमी झाल्या. कुत्रा मात्र तेथेच राहिला. पूर्वी तो कोणा एकाचा नसला तरी गावाचा होता. वाडीतील उरलेसुरले अन्न आणि खळ्याची राखण यांवर त्याचे गावाशी नाते टिकून होते. सेक्टरच्या रस्त्यावर तोच प्राणी 'भटका' ठरला. त्याच्या दर्जात बदल झाला आणि तो ज्या हवेत श्वास घेत होता तीही बदलली. हे दोन्ही बदल एकत्र पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबई-पनवेल परिसरात श्वानांविषयीच्या सार्वजनिक धोरणाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) दमा व अन्य श्वसनविकारांच्या आकलनात श्वानाचे स्थान तपासणे.
३) औद्योगिक वायुप्रदूषण आणि श्वानांचे आरोग्य यांच्या संबंधाकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहणे.
४) श्वसनविकारांच्या व्यवस्थापनातील सामाजिक मर्यादा स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. परंपरेतील श्वान आणि श्वासरोग

भारतीय परंपरेत श्वानाचे स्थान द्विधा आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी असलेले चार श्वान चार वेदांचे प्रतीक मानले जातात. खंडोबा आणि काळभैरव यांच्याशीही श्वान जोडलेला आहे. दुसरीकडे स्मृतिवाङ्मयात त्याला अपवित्र गणले गेले. दख्खनच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास'. त्यात राजाच्या विनोदांमध्ये 'सारमेयविनोद' हे श्वानांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि प्राचीन पशुवैद्यकाचा भर राज्यव्यवहाराला उपयुक्त पशूंवर होता. शालिहोत्राच्या नावावरील अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नावावरील हस्त्यायुर्वेद यांच्या तोडीची श्वानवैद्यकाची परंपरा निर्माण झाली नाही.

मानवी श्वासरोगाचे विवेचन मात्र पुष्कळ सूक्ष्म होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. यांतील तमकश्वास आजच्या दम्याच्या सर्वांत जवळचा आहे. धूळ, धूर आणि वारा यांची गणना श्वासाच्या कारणांत केलेली आढळते. ढगाळ व पावसाळी हवेत तमकश्वास वाढतो आणि रुग्णाला आडवे होण्यापेक्षा बसून बरे वाटते, हे निरीक्षणही तेथे आहे. रोगाचे कारण शरीराबाहेरील हवेतही शोधावे लागते, ही दृष्टी त्यामुळे या भूमीला नवीन नव्हती. ती मुक्या प्राण्याला लागू करण्याचा विचार मात्र दीर्घकाळ झाला नाही.

४. वसाहतकालीन मुंबई : उपद्रव आणि दया

मुंबईच्या इतिहासात श्वान प्रथम ठळकपणे येतो तो दंगलीच्या निमित्ताने. ठराविक काळात मोकाट कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम १८१३ पासून होता. १८३२ मध्ये हा काळ वाढवण्यात आला आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही पकडली जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या पवित्र दिवशी संघर्ष उफाळला. पारशी धर्मात मृतदेहावर श्वानाची दृष्टी पडणे, म्हणजेच 'सगदीद', हा अंत्यविधीचा भाग असल्याने श्वानहत्या हा त्यांच्या श्रद्धेवरील आघात होता. दुसऱ्या दिवशी फोर्ट भागातील व्यवहार बंद पडले. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ स्थापन झाली.

पुढील टप्पा संस्थात्मक पशुवैद्यकाचा आहे. १८७४ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांच्या रुग्णालयाची स्थापना झाली आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. रुग्णालयासाठी देणगी देणारे दिनशा माणेकजी पेटिट हे मुंबईतील अग्रगण्य गिरणीमालक होते. ज्या उद्योगाच्या संपत्तीतून प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले, त्याच उद्योगाच्या चिमण्यांनी परळ-लालबागची हवा काळवंडत होती. धुराच्या उपद्रवावर नियंत्रण आणणारा कायदा मुंबईत १९१२ मध्ये झाला. त्याची चिंता माणसांची आणि मालमत्तेची होती.

वसाहतकालीन पशुवैद्यकाचे प्राधान्य लष्करी घोडे आणि शेतीची गुरे यांना होते. बुळकांडी, सरा, ग्लँडर्स या रोगांवर शासनाचा पैसा खर्च होई. श्वान शासकीय दप्तरात येई तो मुख्यतः रेबीजमुळे. पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीज-प्रतिबंधक उपचार यशस्वी केल्यानंतर भारतात १९०० मध्ये कसौली व १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. चावणाऱ्या कुत्र्याची नोंद झाली. खोकणाऱ्या कुत्र्याची झाली नाही. कारण चावा हा माणसावर परिणाम करणारा होता, खोकला फक्त कुत्र्याचा होता.

५. दम्याच्या संशोधनातील श्वान

याच काळात युरोप-अमेरिकेत श्वानाचे शरीर दम्याच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी येत होते. इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर यांनी १६९८ मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिताना धाप लागणाऱ्या घोडीच्या फुप्फुसाच्या विच्छेदनाचा आधार घेतला होता. पशूच्या रोगावरून माणसाचा रोग समजून घेण्याची ही वाट पुढे रुंद झाली. १९०२ मध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी श्वानांना समुद्रपुष्पाचे विष अल्प मात्रेत टोचले. प्रतिकारशक्ती वाढेल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु काही आठवड्यांनंतर दिलेल्या दुसऱ्या अल्प मात्रेने 'नेपच्यून' नावाचा कुत्रा धापा टाकत अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणाऐवजी अतिसंवेदनशीलता निर्माण होते, या शोधाला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव मिळाले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परागकण किंवा जंत यांच्याविषयी अतिसंवेदनशील असलेले श्वान दम्याच्या प्रयोगांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

या इतिहासातील लक्षणीय बाब अशी की ज्या प्राण्याच्या शरीरावर मानवी दम्याचा अभ्यास झाला, त्याला माणसासारखा दमा नैसर्गिकरीत्या क्वचितच होतो. माणसाच्या दम्याशी खरे साम्य मांजरातील दम्याचे आहे. श्वानातील अ‍ॅलर्जी बहुधा त्वचेवर, खाज व चट्टे यांच्या रूपात, प्रकट होते. प्रयोगशाळेत घडवलेला 'दमेकरी श्वान' आणि रस्त्यावरचा धापणारा श्वान यांत म्हणून मोठे अंतर आहे.

६. 'दमा' या एका शब्दाखालील अनेक विकार

मराठीत धाप, ढास, ठसका, घरघर असे वेगवेगळे शब्द असले तरी कुत्र्याला दीर्घकाळ खोकला असेल तर 'त्याला दमा आहे' असे सरसकट म्हटले जाते. गेल्या अर्धशतकातील पशुवैद्यकाचे कार्य म्हणजे या एका शब्दाचे विघटन होय.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा विकार म्हणजे जीर्ण श्वासनलिकादाह. १९७० च्या दशकात ग्लासगो येथील पशुवैद्यकांनी त्याचे पद्धतशीर वर्णन केले. सलग दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस खोकला असणे आणि त्याचे दुसरे कारण न सापडणे, ही त्याची व्यवहार्य व्याख्या आहे. श्वासनलिकेचे अस्तर सुजते, श्लेष्मा वाढतो आणि एकदा झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. दुसरा विकार म्हणजे इओसिनोफिल पेशींच्या वाढीमुळे होणारा श्वासनलिका-फुप्फुसदाह. त्याचे आजचे नाव २००० च्या सुमारास बेल्जियममधील संशोधनातून रूढ झाले. अ‍ॅलर्जीशी संबंध असल्याने श्वानातील दम्याच्या सर्वांत जवळ जाणारा विकार हाच आहे. तो सायबेरियन हस्की जातीत अधिक आढळतो.

यांखेरीज पामेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका चपटी होऊन हंसाच्या आवाजासारखा खोकला येतो. वयस्क लहान कुत्र्यांत हृदयाची झडप निकामी होऊन धाप लागते. सांसर्गिक खोकल्यास कारणीभूत असलेला बोर्डेटेला हा जंतू माणसातील डांग्या खोकल्याच्या जंतूचा सगोत्र आहे. डिस्टेंपर, जंत व हृदयकृमी हीही कारणे तपासावी लागतात. २००३ मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीमुळे 'पग' ही चपट्या नाकाची जात भारतभर लोकप्रिय झाली. शहरी सदनिकांत ती सर्रास दिसू लागली. या जातीची घरघर गोड मानली जाते. प्रत्यक्षात ती अरुंद नाकपुड्या व लांब मृदुतालू यांमुळे होणारा श्वसनाचा अडथळा असते. कोकणच्या दमट उन्हाळ्यात तिचे गांभीर्य वाढते, कारण श्वान घामाने नव्हे तर मुख्यतः धापेनेच शरीराची उष्णता बाहेर टाकतो.

निदानाचा हा इतिहास व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. हृदयविकाराच्या कुत्र्याला दम्याचे औषध देत राहिल्यास मूळ रोग वाढतो. संसर्ग असताना स्टेरॉइड दिल्यास संसर्ग बळावतो. क्ष-किरण तपासणी, रक्त व विष्ठा तपासणी आणि आवश्यक तेथे दुर्बिणीने श्वासनलिकेची पाहणी यांनंतरच उपचार ठरतात. दाह कमी करण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी औषधे हळूहळू मात्रा घटवत दिली जातात. त्यांचे दुष्परिणाम टाळण्यासाठी अलीकडच्या काळात मुखवटा व स्पेसर यांच्या साहाय्याने फ्लुटिकासोन हुंगवण्याची पद्धत रुजली आहे. श्वासनलिका रुंदावणारी औषधे जोडीला असतात. घरातील माणसाचा दम्याचा पंप कुत्र्याने चावून फोडल्यास मात्र हृदयाचे ठोके धोकादायक वाढतात व त्वरित उपचार लागतात. वजन आटोक्यात ठेवणे, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरणे, तंबाखूचा धूर, धूप व डासांच्या अगरबत्तीपासून कुत्र्याला दूर ठेवणे, हे उपाय औषधांइतकेच मोलाचे आहेत. मान ताणून, कोपरे बाहेर काढून उभे राहणे, आडवे होता न येणे आणि हिरड्या निळसर पडणे ही तातडीची लक्षणे होत.

या सर्व उपायांत पहिले तत्त्व एकच आहे : दाह उत्पन्न करणारी हवा टाळणे. नेमके हेच तत्त्व औद्योगिक वसाहतीच्या शेजारी लागू करणे अवघड होते.

७. प्रदूषणाचे साक्षीदार : लंडन ते तळोजा

प्राण्यांनी हवेच्या संकटाची पूर्वसूचना दिल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये दाट धुरके पसरले, तेव्हा स्मिथफील्ड पशुप्रदर्शनासाठी आणलेली गुरे गुदमरून आजारी पडली व काही दगावली. हजारो माणसांचा बळी गेल्याचे आकडे नंतर स्पष्ट झाले. मुंबईत १९७० च्या दशकात केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुप्रदूषण आणि रहिवाशांचे श्वसनविकार यांचा संबंध अभ्यासला. चेंबूर आणि लालबाग त्या अभ्यासामुळे चर्चेत आले. श्वानांचा असा अभ्यास मेक्सिको सिटीत झाला. लिलियन कालदेरोन-गार्सिदुएन्यास यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेथील श्वानांच्या फुप्फुसांत, हृदयात व मेंदूत प्रदूषणाशी निगडित बदल कमी प्रदूषित गावांतील श्वानांच्या तुलनेत अधिक आढळले. श्वान माणसाच्याच परिसरात राहतो, जमिनीलगतची हवा घेतो आणि त्याचे आयुष्य अल्प असल्याने परिणाम लवकर दिसतात. म्हणून तो प्रदूषणाचा उत्तम साक्षीदार ठरतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री दिसू लागली. त्यांची छायाचित्रे जगभर पसरली. अन्नाच्या शोधात ती रंगद्रव्यांशी संबंधित एका कारखान्याच्या आवारात शिरत आणि तेथील रंगाची भुकटी त्यांच्या अंगावर बसे. प्राणिमित्र कार्यकर्त्यांच्या तक्रारीनंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करून तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. रंग पाण्यात विरघळणारा असल्याने धुतल्यावर उतरला आणि बातमीही ओसरली. त्याच सुमारास कासाडी नदीच्या प्रदूषणाविरुद्ध स्थानिक मच्छीमारांची बाजू राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडली जात होती. २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात नवी मुंबईचा समावेश अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झालेला होता.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व रंगात नाही. जी भुकटी केसांवर बसली ती नाकावाटे आतही गेली असणार. पण कातडीवरचा रंग छायाचित्रात येतो, श्वासनलिकेतील दाह येत नाही. निळ्या केसांची बातमी झाली. निळसर हिरड्यांची झाली नसती. ज्यांच्या अंगावर रंग बसला नाही, अशा ओवे, रोहिंजण, पेंधर, तळोजे येथील वस्त्यांतील कुत्र्यांच्या खोकल्यासाठी कोणतीही सार्वजनिक नोंदवही नव्हती.

८. धोरणातील पेच

मुंबई महानगरपालिकेने १९९० च्या दशकात श्वानहत्येऐवजी निर्बीजीकरणाचे धोरण स्वीकारले. त्यानंतर २००१ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियम आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांची जागा घेणारे नवे नियम आले. निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ ठिकाणीच सोडावे, हे त्यांचे मूलतत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रेबीजग्रस्त व आक्रमक श्वान वगळता, हेच तत्त्व मान्य केले; ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा संस्थांच्या आवारासाठी मात्र वेगळी भूमिका घेतली.

मूळ ठिकाणी सोडण्याचा नियम श्वानसंख्येच्या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे, कारण रिकामी जागा दुसरे कुत्रे भरून काढतात. परंतु तळोज्याच्या कुंपणालगतच्या कुत्र्यासाठी मूळ ठिकाण म्हणजेच रोगाचे कारण असू शकते. पाळीव कुत्र्याला खिडकी बंद करून, औषध हुंगवून, फिरण्याची वेळ बदलून वाचवता येते. वस्तीतील कुत्र्याला रोज दोन वेळा मुखवट्यातून औषध कोण देणार? त्याच्यापुरता एकच उपचार शक्य आहे आणि तो म्हणजे हवेचा उपचार. तो उपचार झाला तर त्याचा लाभ त्याच वस्तीतील मुलांना, वृद्धांना आणि कारखान्यातील कामगारांनाही होतो. श्वानाचे हित आणि माणसाचे हित या ठिकाणी परस्परविरोधी राहत नाहीत.

९. निष्कर्ष

१) मुंबई-पनवेल परिसरातील श्वानविषयक धोरण १८३२ पासून उपद्रव आणि दया या दोन टोकांमध्ये फिरत राहिले. श्वानाचे आरोग्य, विशेषतः श्वसनाचे आरोग्य, या चौकटीबाहेर राहिले.
२) मानवी अ‍ॅलर्जी व दम्याच्या ज्ञानात श्वानाचा वाटा मोठा असला, तरी श्वानाच्या स्वतःच्या श्वसनविकारांचे नेमके वर्गीकरण १९७० नंतरच आकाराला आले. 'दमा' हा शब्द श्वानांबाबत सावधपणे वापरणे आवश्यक आहे.
३) तळोजा येथील घटनेने प्रदूषण क्षणभर दृश्य केले, दीर्घकालीन परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा त्यातून उभी राहिली नाही.
४) निर्बीजीकरणासाठी प्रत्येक कुत्रा एकदा पशुवैद्याच्या हाती येतो. त्याच वेळी त्याचा खोकला, श्वासाचा वेग आणि पकडल्याचे ठिकाण नोंदवल्यास औद्योगिक पट्ट्यातील हवेची एक अल्पखर्ची नोंदवही तयार होऊ शकेल. पशुवैद्यक महाविद्यालय, स्थानिक महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व भूगोल विभाग आणि महानगरपालिका यांच्या सहकार्याने हे काम शक्य आहे.

ओव्यासारख्या गावाचा इतिहास लिहिताना किती जमीन गेली आणि किती मोबदला मिळाला, हे लिहावेच लागते. त्याच जमिनीवर, त्याच हवेत राहिलेल्या मुक्या जिवांचा इतिहास त्याला जोडला, तर शहर घडण्याची किंमत अधिक पूर्णपणे मोजता येईल.